नॅपकिनांच्या खणातला कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या हॉटेलचे सरव्यवस्थापक साहेब, विद्यापीठातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या सन्माननीय विभागप्रमुख बाई, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी, माझ्या जुन्या हाउसकीपिंग विभागातल्या मुलामुलींनो, स्वयंपाकघरातून ॲप्रनसकट येऊन मागे भिंतीला टेकलेल्या मंडळींनो, पहिल्या रांगेतले जावईबापू, त्यांच्या मातोश्री, त्यांची लेक, आणि जिच्यामुळे आज आपल्याला दुपारचं काम सोडून एवढा वेळ बसायला मिळतंय ती आमची का-बरं, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं हे मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर हाताची पाच बोटं दाखवून. बाळ, मी एकतीस वर्षं या हॉटेलात हाउसकीपिंगची प्रमुख होते. पाच मिनिटांत मी एक बाथरूमसुद्धा कधी तपासलेलं नाही.

आधी एक तक्रार. व्यासपीठावरच्या टेबलाचा कपडा डावीकडे चार बोटं जास्त लोंबतो आहे. मी आल्यापासून पाहते आहे. साहेब, तुमच्याच बाजूला. नाही, आता ओढू नका, पाण्याचे पेले आहेत त्यावर. शेवटी मी बघते.

निमंत्रणपत्रिकेवर सत्कारमूर्तीचं पूर्ण नाव छापलं आहे. ते वाचून मला क्षणभर कळेना, हा समारंभ आहे तरी कोणाचा. एकोणीस वर्षांत ते नाव इथं पगाराच्या दिवसाशिवाय कोणी उच्चारलेलं नाही. ती इथं आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तेव्हापासून ती का-बरं. चादर अशी घाल म्हटलं की मान तिरकी करून विचारायची, का बरं? सुरुवातीला हे नाव चिडवायला पडलं, मग अंगाला चिकटलं. तिची सासूसुद्धा तिला तसंच हाक मारते. माझंही नाव इथं कोणी घेत नसे. समोर मॅडम आणि पाठ वळली की भिंग. तुम्हाला वाटत होतं, मला माहीत नाही. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि आवडतही होतं.

तर ही आमची का-बरं, लिननरूमची, म्हणजे चादरी-नॅपकिनांच्या कोठाराची सुपरवायझर, वय वर्षं अडतीस, येत्या सोमवारपासून विद्यापीठात बिझनेस मास्टर्स पदवीच्या पहिल्या वर्षाला बसते आहे. विषय, हॉस्पिटॅलिटी आणि टुरिझम मॅनेजमेंट. हे नाव पूर्ण म्हणताना मला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी प्रबंध. वर्गात सगळी पोरं बावीस-तेवीसची असणार. पहिल्या दिवशी तीच शिक्षिका आहे असं समजून सगळे उभे राहिले, तर विभागप्रमुख बाई, तुम्ही हसू नका.

पण खरं म्हणजे ती गेल्या वर्षीच त्या वर्गात बसायला हवी होती. तिचं एक वर्ष वाया गेलं. ते कोणामुळे गेलं, हे या हॉलमध्ये फक्त दोन माणसांना ठाऊक आहे. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. म्हणून म्हणते, पाच मिनिटांचं विसरा.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, बोर्डिंगात. अंथरूण घालायला मला कोणत्या कॉलेजानं नाही, आमच्या सिस्टरनं शिकवलं. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडला नाही तर बोटांवर फूटपट्टी. पलंगाखाली धूळ सापडली तर ती हाताच्या पंजावर घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहायचं. त्या विद्येवर मी इथं लागले आणि विभागप्रमुख झाले. माझ्याकडे पदवी नव्हती. तेव्हा कोणी मागितलीही नव्हती. तेव्हा लोक काम मागायचे.

सिस्टरकडून मी आणखी एक गोष्ट उचलली होती. कोणी का विचारलं तर उत्तर द्यायचं, मी सांगते म्हणून. हे उत्तर माझ्या विभागात पंधरा वर्षं उत्तम चाललं. मग ही आली. पहिल्याच दिवशी विचारते, मॅडम, उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला का बरं करायचं? मी म्हटलं, मी सांगते म्हणून. ती कामाला लागली, पण मान तिरकीच. दिवसभर तिरकी. शेवटी मीच खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि पाहिलं. पाहुणा आत येतो तेव्हा त्याला उशीचं उघडं तोंड दिसू नये, म्हणून. पंधरा वर्षं मी ते करून घेत होते आणि कारण मला त्या दिवशी कळलं. हे मात्र मी तिला कळू दिलं नाही. मला ते पूर्वीपासून ठाऊक होतं, असा चेहरा करून कारण सांगितलं.

आमच्या विभागाची एक रीत बाहेरच्यांना माहीत नसेल. हॉटेलाचा नियम असा की कर्मचाऱ्यानं पाहुण्याच्या पलंगावर टेकायचंही नाही. माझा नियम उलटा होता. नवीन माणसानं खोली लावून झाली की त्याच पलंगावर एक मिनिट आडवं व्हायचं, वर पाहायचं, मग उठून पलंग पुन्हा लावायचा. कारण आपण खोली उभ्यानं पाहतो आणि पाहुणा आडव्यानं. दिव्याच्या आतली मेलेली माशी उभ्या माणसाला जन्मात दिसत नाही. साहेब, आता मी निवृत्त आहे, हा नियम मोडल्याबद्दल तुम्ही मला काही करू शकत नाही.

हिला येऊन नऊ दिवस झाले होते. तीनशे बारा नंबरची खोली लावली आणि रीतीप्रमाणे ही आडवी झाली. आणि झोपली. एका मिनिटाची चांगली चाळीस मिनिटं. पाहुणे आले, म्हातारा-म्हातारी, बॅगा घेऊन. दार उघडतात तर पलंगावर युनिफॉर्ममधली मुलगी, बूट काढून नीट जोडीनं ठेवलेले. म्हातारे गृहस्थ इतके सज्जन की त्यांनी बायकोला खुणेनं गप्प केलं, दोघं खुर्च्यांवर बसली आणि ती उठायची वाट पाहत राहिली. नंतर रिसेप्शनवर म्हणाले, पलंग उत्तम दिसतोय तुमचा.

मी तिला ऑफिसात उभं केलं. मला वाटलं, रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "मॅडम, चूक झाली. पण त्या खोलीत लोक एका रात्रीत खोली बदलून मागतात ते का बरं, ते मला कळलंय."

हे खरं होतं. तीनशे बाराची ती खोड सगळ्यांना ठाऊक होती. आम्ही गादी बदलली होती, पडदे बदलले होते, भिंतीचा रंग बदलला होता. ही म्हणाली, उशीवर डोकं ठेवलं की पलंगाच्या लाकडातून ठक-ठक ऐकू येतं. उभं राहिलं की येत नाही. मागच्या भिंतीपलीकडे लिफ्टचा पट्टा जातो.

लिफ्टवाल्याला बोलावलं. तो तरणाबांड मेकॅनिक ठामपणे म्हणाला, लिफ्ट ठणठणीत आहे, आवाज बिवाज काही नाही. हिनं त्याला सांगितलं, उभ्यानं नाही कळणार, कान लावा. मी दारात उभी. तो बिचारा गुडघ्यांवर बसून पलंगाच्या पाठीला कान लावून राहिला, पलीकडून तिनंही कान लावलेला, आणि दोघं लिफ्ट येण्याची वाट पाहत एकमेकांकडे बघताहेत. लिफ्ट तीनदा येऊन गेली तरी कोणी उठेना. आम्ही पलंग समोरच्या भिंतीला लावला आणि तीनशे बाराची तक्रार कायमची संपली. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. जावईबापू, मान खाली घालू नका. मी तिला आवाज शोधायला सांगितलं होतं, नवरा नाही.

ही झाली गंमत. आता जरा रागाचं बोलते, कारण रागाशिवायचं माझं भाषण म्हणजे साखर नसलेला चहा.

एके वर्षी आदेश आला की एक खोली लावायला तीस मिनिटं मिळत होती, ती आता बावीस मिळतील. हिनं विचारलं, का बरं? मी म्हटलं, वरून आलंय. पूर्वेकडचं दालन अचानक बंद केलं, चौदा मुली घरी बसल्या. का बरं? वरून आलंय. पाहुण्यांच्या खोलीतली फळांची टोपली गेली, तिथं एक चॉकलेट आलं. का बरं? वरून आलंय. दरवेळी ती मान तिरकी करून माझ्याकडे पाहायची, आणि दरवेळी मला राग यायचा. मी समजत होते की तिचाच राग येतो आहे. खरं सांगू का? मलाही माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत व्यवस्थापनाच्या चौथ्या मजल्यावर मला आकडा सांगितला गेला, कारण कधीच नाही. आणि मला माहीत नाही, एवढे तीन शब्द म्हणायची मला लाज वाटत होती.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी हिचं नाव लिहून दिलं. चौथ्या मजल्यावरून उत्तर आलं, उमेदवार अनुभवी आहेत, परंतु आवश्यक शैक्षणिक पात्रता नाही. ते पत्र ज्यांच्या सहीचं होतं ते अधिकारी आज व्यासपीठावर उजवीकडून दुसरे बसले आहेत आणि त्यांच्या हातात सत्काराचा गुच्छ आहे. राहू द्या, राहू द्या, छान आहे गुच्छ. प्लास्टिक जरा जास्त आहे.

मग पदवीवाले आले. पहिला मुलगा वाईट नव्हता, पण खोली दारातूनच तपासायचा. आठ महिन्यांत गेला. नंतर एक बाई आल्या, त्यांनी फर्मान काढलं की रोज प्रत्येक पलंगावर टॉवेलचा हंस हवा. एकशे चाळीस खोल्या, एकशे चाळीस हंस, बावीस मिनिटांत खोली. मुलींच्या बोटांना फोड आले. त्या दोघांनाही काम शिकवलं कोणी? या का-बरंनंच. बारा वर्षं लिननरूम सांभाळणाऱ्या बाईनं आपल्या डोक्यावर बसवलेल्या माणसाला चादर आणि पलंगपोस यातला फरक शिकवायचा, ही कुठली रीत?

मला वाटलं होतं, ती चिडेल. ती चिडली नाही. ती लिननरूमच्या टेबलावर पुन्हा पुस्तकं घेऊन बसली. सहा वर्षं पत्राद्वारे शिकून ती आधीच पदवीधर झाली होती, पण चौथ्या मजल्याला व्यवस्थापनाची पदवी हवी होती. इस्त्रीच्या वाफेनं तिच्या वह्यांची पानं फुगून वहीची उशी झालेली असे. एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, मला मास्टर्स करायचंय.

आता नीट ऐका. मागच्यांना ऐकू येत नसेल तर पुढे या.

अर्जासोबत एक शिफारसपत्र लागतं. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी ते भरायचं आणि परस्पर विद्यापीठाला पाठवायचं. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. पण मला कॉम्प्युटरचा तिटकारा आहे हे तिला ठाऊक, म्हणून तिनं खास विनंती करून माझ्यासाठी छापील फॉर्म मिळवला. घरी आणून दिला. मी म्हटलं, ठेव टेबलावर. ती गेल्यावर मी तो वाचला. दोन पानं. मी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. फॉर्म उचलला आणि एका खणात घातला.

मुदत संपायला तीन आठवडे होते. तिनं दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनवर मी सांगितलं, पाठवला.

पाठवला नव्हता. मी खोटं बोलले. बोटांवर फूटपट्टी खाऊन वाढलेली मी, या मुलीशी सरळ खोटं बोलले.

विद्यापीठाचं उत्तर आलं, अर्ज अपूर्ण. ती माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. म्हणाली, टपालात हरवलं असेल का हो, मॅडम? मी टपालखात्याला दहा मिनिटं शिव्या घातल्या. कोणाला काही काळजी राहिलेली नाही, जबाबदारी नावाची गोष्टच उरलेली नाही, काय काय बोलले. टपालखात्याचं कोणी इथं असेल तर मी त्यांची जाहीर माफी मागते.

आता माझा मूर्खपणा बघा. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ना, तसा तो फॉर्म मी झाकून ठेवला. पण कुठे ठेवला? जेवणाच्या टेबलाच्या नॅपकिनांच्या खणात, नॅपकिनांच्या खाली. आणि लपवला कोणापासून? लिननरूमच्या सुपरवायझरपासून. चोरानं पोलिसाच्या खिशात चोरीचा माल लपवावा, तशी ही अक्कल.

महिन्याभरानं ती लेकीला घेऊन जेवायला आली. टेबल नेहमी तीच मांडते, मी नको म्हटलं तरी. मी स्वयंपाकघरात भाजी ढवळत होते. खण सरकल्याचा आवाज आला आणि माझा हात थांबला. तिला मी ओळखते. कापडाचा ढीग तिच्या समोर आला की ती पुन्हा घडी घालणार. सगळा ढीग काढणार, तळापासून.

बाहेर येऊन पाहते तर टेबल मांडलेलं. ताटाशेजारी नॅपकिन, काठाला काठ. खण अर्धा उघडा. त्यात नॅपकिनांचा ढीग नव्यानं घातलेला, आणि फॉर्म आता ढिगाच्या खाली नाही, वर ठेवलेला. कडा कडेला जुळवून. कोरा.

ती म्हणाली, "मॅडम, खालच्या दोन नॅपकिनांना पिवळे डाग पडलेत. मी घेऊन जाते."

एवढंच. मग आम्ही जेवलो. तिच्या लेकीनं शाळेतलं काहीतरी सांगितलं, ती हसली. मी काय जेवले ते मला आठवत नाही. पुढच्या खेपेला तिनं ते दोन नॅपकिन पांढरेशुभ्र करून, कडक इस्त्री करून परत आणले.

उशीच्या अभ्र्याचं तोंड, लिफ्टचा पट्टा, फळांची टोपली. एकोणीस वर्षांत या बाईनं मला का बरं विचारलं नाही अशी गोष्ट शिल्लक नव्हती. आणि ज्या दिवशी विचारायलाच हवं होतं, त्या दिवशी तिनं विचारलं नाही. तिनं भांडायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर ताटं फोडली असती. पण ती डाग धुवायला घेऊन गेली.

पोरी, मी आज तुझ्या सत्काराला आले ती भाषणासाठी नाही. आज विचार मला. सगळ्यांसमोर विचार. इथं तुझे साहेब आहेत, तुझ्या होणाऱ्या बाई आहेत, तुझं घर आहे. मी थांबते.

मी एकतीस वर्षं लिफ्टची वाट पाहिली आहे. मला थांबता येतं.

विचारलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, फार हळू बोलली. ती म्हणाली, का बरं, मॅडम?

तर हे असं आहे. त्या फॉर्मसोबत अभ्यासक्रमाची पुस्तिका होती. मी ती चष्मा लावून वाचली. सातव्या पानावर माझं आयुष्य सापडलं. 'खोलीची गुणवत्ता आणि पाहुण्याचा अनुभव, बारा तास.' माझी एकतीस वर्षं, बाई, तुमच्या पुस्तिकेत बारा तास. मला इतका राग आला की मी पान उलटलं. नवव्या पानावर दुसरंच होतं. मागणीचा अंदाज कसा बांधतात. दालन केव्हा बंद करणं भाग असतं आणि केव्हा नसतं. एका खोलीला किती मिनिटं, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतं. एका खाली एक, मी ज्यांना ज्यांना वरून आलंय म्हणून गप्प केलं त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथं होती. ती उत्तरं जगात होती. शिकता येत होती. मला मात्र कोणी सांगितली नव्हती, आणि मीही मागितली नव्हती.

मला वाटलं, ही मुलगी दोन वर्षांनी हे सगळं शिकून येईल, मग तिला कळेल की मॅडमना काहीच माहीत नव्हतं. मी दिलेलं तुला पुरेसं आहे, असं मला मानायचं होतं. तू तिथं जाणं म्हणजे ते पुरेसं नव्हतं. मी पदवीवाल्यांना नावं ठेवत होते, हंसांवरून हसत होते, पण माझा राग पदवीवर नव्हता. मला भीती वाटत होती. बास. हे उत्तर आहे.

त्यामुळे काय झालं तेही सांगते, नाहीतर नुसतीच माफी मागून मोकळी झाले असं होईल. गेल्या वर्षी ती गेली असती, तर लेकीच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी हिचं शिक्षण उरकलं असतं. आता मायलेकी एकाच महिन्यात परीक्षेला बसणार. घरात एक टेबल. त्याचा हिशेब माझ्याकडे लागतो.

या वर्षी प्रवेशाचे दिवस आले. मी वाट पाहत होते, ती फॉर्म आणेना. एका रविवारी आली, टेबल मांडलं, जेवली, गेली. पुढच्या वेळी तेच. शेवटी मी स्वतः बस पकडून विद्यापीठात गेले. खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. पुढचा विद्यार्थी वळून म्हणाला, आजी, तुम्हाला ॲडमिशन घ्यायचीय? मी म्हटलं, द्यायचीय. नवा फॉर्म घेतला, तिथंच बाकावर बसून भरला आणि त्याच खिडकीत परत दिला. शिक्का मारलेली पोच घेतली. टपालावर आता माझा विश्वास नाही.

तिथून थेट लिननरूममध्ये आले आणि पोच तिच्यापुढे ठेवली. तिनं शिक्का वाचला, तारीख वाचली. म्हणाली, बसा, पाणी आणते. पाण्यासोबत प्रवेशाचा अर्जही घेऊन आली. भरून तयार होता. फक्त शिफारसीची ओळ कोरी होती.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, उमेदवाराची एक उणीव लिहा. विभागप्रमुख बाईंनी मघाशी चहा पिताना मला त्याबद्दल छेडलं, म्हणून सांगते. मी लिहिलं होतं, "ही माणसांना न विचारता माफ करते. व्यवस्थापनात हे चालत नसेल तर तुम्ही तिला सुधारा. मला जमलं नाही."

बाईंनी मला मुलाखतीचंही सांगितलं. त्यांनी हिला विचारलं, इतक्या वर्षांनी वर्गात बसणार, तुम्ही या वर्गाला काय देणार? ही म्हणाली, तुमच्या वर्गात पाहुण्याच्या पलंगावर आडवं होऊन वर पाहिलेलं कोण आहे? बाई म्हणाल्या, कोणी नाही. मग ही म्हणाली, ते मी देईन. विभागप्रमुख बाई, तुमच्या त्या बारा तासांचे तेरा करा, आणि तेरावा तास हिला घेऊ द्या. अर्ज मी लेखी देईन, छापील कागदावर.

सासूबाईंचे आभार मानायला हवेत. मी मनात धरून होते की घरातून विरोध होईल, आणि त्या विरोधाला काय काय सुनवायचं याची तयारीही करून ठेवली होती. सगळी फुकट गेली. त्या म्हणाल्या, दोन वर्षं घराचं मी बघेन, पण पहिल्या दिवशी मला विद्यापीठ दाखवायला न्यायचं, मी आतून कधी पाहिलेलं नाही. सोमवारी तीन पिढ्या एकदम जाणार आहेत. जावईबापू म्हणतात, तिथल्या लिफ्टचा आवाज ते ऐकून येतील. जरूर या. मात्र कान लावायला या वेळी कोणाला सोबत घेऊ नका.

सरव्यवस्थापक साहेब, तुम्ही मघाशी म्हणालात की या संस्थेचे दरवाजे तिच्यासाठी सदैव उघडे आहेत. चांगलं वाक्य आहे. दरवाजे उघडे असले की धूळही येते, हे मी भिंग म्हणून सांगते. दोन वर्षांनी ती पदवी घेऊन आली आणि तुम्हाला दुसरी एखादी पात्रता कमी आढळली, तर मी पुन्हा बस पकडेन. या खेपेला चौथ्या मजल्यापर्यंत.

आणि का-बरं, तुला काय सांगू? पहिल्या बाकावर बस. हात वर कर. कोणी म्हणालं वरून आलंय, तर वर कोण आहे ते विचार. आणि पुन्हा कधी तुला कोणाच्या खणात काही सापडलं, तर घडी घालून ठेवू नकोस.

माझ्यासारख्या निवृत्त बाईला बोलावल्याबद्दल आयोजकांची मी आभारी आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं घड्याळ खाली ठेवलं, तिचे विशेष आभार. भाषणाच्या शेवटी बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा करावी, असं म्हणायची प्रथा आहे. या हॉलमध्ये हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं, आणि म्हणणारा दर वेळी खुर्चीकडे बघून म्हणत असे. मी पहिल्या रांगेकडे बघून म्हणते. माझ्या हातून चूक झाली आहे, पोरी. जाणूनबुजून झाली आहे. मला क्षमा कर, पण या वेळी मागितल्यावर कर.

नमस्कार.

साहेब, आता ते पेले जरा उचला. टेबलाचा कपडा सरळ करायचा आहे. का-बरं, तू पलीकडचं टोक धर.